खणातला शंख आणि त्याचे नाव

पावसाळ्यात परसातल्या भिंतीवर चढणाऱ्या ज्या जिवाला आपण मराठीत गोगलगाय म्हणतो, त्याला या मासिकाच्या कन्नड विभागातील मंडळी 'बसवनहुळू' म्हणतात. बसव म्हणजे नंदी आणि हुळू म्हणजे किडा. डोक्यावरची शिंगे पाहून एका भाषेला गाय आठवली, दुसरीला बैल. आपल्या गावात बहुतेकांना दोन्ही शब्द ठाऊक असतात आणि कुणाचे काही अडत नाही. अडते ते वेगळ्या ठिकाणी. परसातली गोगलगाय, कारवारच्या वाळूत सापडणारा शंख आणि साडेसहा कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी मरून दगड झालेला प्राणी, या सर्वांना एकच शब्द लावून भूशास्त्राचे काम भागत नाही. तेथे नेमके नाव लागते. आणि नेमके नाव म्हणजे काय, याविषयी आपल्या विद्यार्थ्यांच्या मनात, आणि स्पष्टच बोलायचे तर आम्हा शिकविणाऱ्यांच्याही मनात, बराच गोंधळ आहे. त्याविषयी मला येथे लिहावयाचे आहे.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत विद्यार्थी ट्रेमधला जीवाश्म हातात घेतो. लांबट, मळसूत्रासारखा दिसला की 'टुरिटेला' लिहितो, खाली शंखाची आकृती काढतो, काळ लिहितो आणि पाचापैकी चार मार्क घेऊन बाहेर पडतो. हे नाव बरोबर कशावरून, असे विचारले तर तो पुस्तकातले चित्र दाखवितो. ते चित्र बहुधा दुसऱ्या पुस्तकावरून काढलेले असते आणि ते दुसरे तिसऱ्यावरून. ही साखळी कोठेतरी एका खऱ्या शंखापाशी संपली पाहिजे, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. नाव पुस्तकात राहत नाही. नाव एका विशिष्ट शंखाला बांधलेले असते, आणि तो शंख जगाच्या पाठीवरील कुठल्यातरी संग्रहालयात, एका खणात, आपल्या क्रमांकाच्या चिठ्ठीसह पडून असतो. त्याला टाइप म्हणतात. मी त्याला 'मूळ नमुना' म्हणेन.

आता या मूळ नमुन्याविषयी एक गैरसमज हटकून आढळतो. तो त्या जातीचा सर्वांत चांगला किंवा सर्वांत प्रातिनिधिक नमुना असेल अशी कल्पना असते. वस्तुतः तसे काही नाही. तो तुटका असू शकतो, पिल्लू असू शकतो, ओठ फुटलेला असू शकतो. जातीला नाव देणाऱ्याच्या हातात त्या दिवशी जो होता तो मूळ नमुना, इतकेच. त्याचे काम एकच, नाव धरून ठेवणे. सीमाभागातल्या वाचकांना उदाहरणाने सांगणे सोपे आहे. मूळ नमुना हा हद्दीचा दगड नव्हे, तो चावडीसारखा आहे. गावाची हद्द कोठवर यावर भांडण चालत राहील, शेजारची दोन गावे एक होतील किंवा एकाची दोन होतील. ज्या बाजूला चावडी गेली त्या बाजूला मूळ गावाचे नाव गेले. दुसऱ्या बाजूला नवे नाव शोधावे लागते. जातींचेही अगदी असेच आहे. हद्द ठरविणे हे अभ्यासकाच्या मताचे काम आहे आणि ते मत पिढीगणिक बदलते. चावडी मात्र हलवता येत नाही.

पूर्वी हा नियम इतका कडक नव्हता. एकोणिसाव्या शतकात लेखक पाच-दहा शंख पुढे ठेवून एका जातीचे वर्णन लिहीत आणि त्यांतला मुख्य कोणता ते सांगतच नसत. पुढच्या अभ्यासकाला त्या ढिगातून एक निवडून 'यापुढे हाच' असे छापून जाहीर करावे लागते. प्राण्यांच्या नावांची आंतरराष्ट्रीय संहिता १९६१ साली पहिल्यांदा निघाली. तिच्या चौथ्या आवृत्तीप्रमाणे १९९९ नंतर नवी जाती प्रसिद्ध करणाऱ्याने मूळ नमुना स्वतःच स्पष्ट सांगितला पाहिजे. तो हरवला किंवा नष्ट झाला आणि नावाबद्दल खरोखरच घोटाळा उत्पन्न झाला, तर त्याच्या जागी दुसरा बसविता येतो. पण त्यालाही अटी आहेत.

हे सारे कारकुनी वाटेल. ते तसे नाही हे पटविण्यासाठी मी आपल्या पायाखालचाच दगड घेतो.

आपल्या शहराच्या आसपास जांभा आहे आणि त्याखाली काळा पाषाण. हा काळा पाषाण म्हणजे दख्खनच्या लाव्हाचे थर. लाव्हात जीवाश्म नसतात. पण दोन उद्रेकांच्या मधल्या काळात कोठे तळी साचली, गाळ बसला, त्या गाळात प्राणी राहिले. अशा मधल्या थरांत गोड्या पाण्यातल्या गोगलगायी सापडतात. नागपूरकडे त्या विपुल आहेत आणि आपल्याच जिल्ह्यात गोकाकच्या भागातही त्या आढळल्या आहेत. त्यांवरून लाव्हाचे वय ठरविणे कठीण, कारण तळ्यातल्या गोगलगायी कोट्यवधी वर्षे एकमेकींसारख्याच दिसतात. समुद्रातले शंख अधिक उपयोगी, कारण त्यांची तुलना इतर देशांतल्या समुद्री थरांशी करता येते. दख्खनच्या लाव्हाचे प्रवाह पूर्वेकडे थेट गोदावरीच्या मुखाजवळ, राजमहेंद्रीपर्यंत पोहोचले. तेथे काटेरू आणि पांगिडी या गावांजवळ लाव्हाच्या दोन थरांमध्ये चुनखडक आहे आणि त्या चुनखडकात समुद्री शंख आहेत. म्हणजे आपल्या पाषाणाचा जन्मदाखला राजमहेंद्रीच्या शंखांजवळ होता.

तो पहिल्यांदा वाचला तो नागपूरच्या स्टीफन हिस्लॉपने. हे मिशनरी गृहस्थ १८४५ मध्ये नागपूरला आले. शाळा चालवावी, गोंडांच्या भाषेची टिपणे करावी आणि उरलेल्या वेळात दगड गोळा करावे असा त्यांचा क्रम होता. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. १८६० साली लंडनच्या भूशास्त्रीय सोसायटीच्या त्रैमासिकात त्यांनी ट्रॅपशी संबंधित थरांवर लेख लिहिला आणि त्यात राजमहेंद्रीच्या शंखशिंपल्यांच्या कितीतरी नव्या जातींना नावे दिली. टुरिटेला प्रीलाँगा, सेरिथियम मल्टिफॉर्मे, सेरिथियम स्टॉडार्डी, हायड्रोबिया इलियटी अशी ती यादी आहे. इलियट हे नाव आपल्याला परके नाही. वॉल्टर इलियट पुढे गोदावरीच्या मुलखात कमिशनर झाले. पण त्याआधी, १८२४ मध्ये, कित्तूरच्या लढाईत राणी चन्नम्माच्या सैन्याने ज्या दोन इंग्रज अधिकाऱ्यांना ओलीस धरले होते, त्यांतले ते एक. एका बारीकशा शंखाच्या नावाला धरून माणूस कित्तूरला जाऊन पोहोचतो! असो.

हिस्लॉपच्या लेखाच्या शीर्षकातच हे थर 'तृतीयक' काळचे, म्हणजे डायनोसॉर नाहीसे झाल्यानंतरचे, असे म्हटले आहे. हा निर्णय शंखांच्या नावांवर उभा होता. पण नाव देताना किती धोका असतो तो पाहा. त्याच यादीत व्हिकार्या फ्यूजिफॉर्मिस असा एक शंख आहे. यातला पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. आडनाव आधी आणि नाव मागून, तसे. व्हिकार्या ही प्रजाती दार्शियाक आणि एम या फ्रेंच लेखकांनी सिंधमधल्या शंखांवर उभी केली. तो शंख त्यांच्या 'भारतातील नुम्युलायटी गट' या विषयावरील ग्रंथात आला. आज मात्र त्या मूळ शंखाची जाती बरीच अलीकडची, मायोसीन काळची समजली जाते. आता राजमहेंद्रीच्या शंखाला एकदा व्हिकार्या हे आडनाव लावले, की वाचणारा ते आडनाव ऐकूनच काळाची अटकळ बांधणार. खानदान ठरले, वयही ठरले. तो शंख खरोखर त्या घराण्यातला आहे का, हे सिंधचा मूळ नमुना आणि राजमहेंद्रीचा मूळ नमुना शेजारी ठेवल्याशिवाय कुणालाही सांगता येणार नाही. कितीही मोठ्या ग्रंथातले वाक्य उद्धृत केले तरी त्याने काही सिद्ध होत नाही.

त्यानंतर ट्रॅपच्या वयाचा वाद शंभर वर्षे चालला. १८७९ मध्ये मेडलिकट आणि ब्लॅनफर्ड यांच्या भारतीय भूशास्त्राच्या ग्रंथाने कौल क्रिटेशसच्या बाजूला दिला. १९३४ मध्ये बिरबल सहानींनी वनस्पतींच्या जीवाश्मांवरून तो पुन्हा तृतीयकाकडे ओढला. १९८६ च्या सुमारास किरणोत्सारी मापनांनी व चुंबकीय अभ्यासाने दाखविले की लाव्हाचा मोठा भाग दोन्ही काळांच्या सीमेवरच, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, बाहेर पडला. दोन्ही पक्षांना थोडे थोडे बरोबर ठरविणारा असा निकाल शास्त्रात क्वचितच लागतो. राजमहेंद्रीपुरते बोलायचे तर २००८ साली गेर्टा केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्म फोरॅमिनिफेरांवरून दाखविले की लाव्हाच्या मधला चुनखडक सीमेच्या नुकताच नंतरचा आहे आणि लाव्हाच्या खालचा थर सीमेच्या आधीचा. जवळच दुदुकूर येथे तो खालचा थर उघडा दिसतो आणि त्यातही टुरिटेला आहेत.

या ठिकाणी विषय कारकुनी राहत नाही. पृथ्वीवरील सजीवांचा फार मोठा संहार ज्या क्षणी झाला, त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन थर चालत जाण्याच्या अंतरात आहेत. कोण मेले, कोण वाचले, याची मोजदाद तेथे करता येते. ही मोजदाद नावांनी होते. समजा खालच्या आणि वरच्या थरातला शंख एकच आहे, पण दोन अभ्यासकांनी त्याला दोन नावे दिली. कागदावर एक जाती मेली आणि एक नवी जन्मली. प्रत्यक्षात काहीच झाले नाही. उलट, दोन वेगळे शंख एका नावाखाली घातले तर खरा मृत्यू कागदावरून पुसला जातो. मग अशा याद्या बेरजेसाठी संगणकात घातल्या जातात. हजारो नावांच्या तक्त्यात एकेक नाव कोणत्या खणातल्या शंखावर टिकून आहे, हे कोण पाहायला जातो?

पाहायला गेलेच, तर काय पाहायचे असते, हे थोडे सांगितले पाहिजे. शंखाचा खरा तपशील शिखराच्या टोकाशी असतो. तेथे पिल्लू असतानाचा इवलासा पहिला शंख टिकून असेल, तर त्याच्या वेढ्यांवरून तो जीव पिल्लूपणी समुद्रात तरंगत होता की थेट तळाशीच वाढला, हे कळते. जीवाश्मांत नेमके हेच टोक बहुतेक वेळा मोडलेले असते. त्यानंतर तोंडाचा आकार, ओठ जाड की पातळ, खाली नळी आहे की नाही, मधल्या खांबावर पीळ किती. बाहेरचे काटे, कंगोरे, रेघा या सर्वांत आधी डोळ्यांत भरतात आणि सर्वांत जास्त फसवतात, कारण एकाच जातीत ते पुष्कळ कमीजास्त होतात. शंखाचे कवच ज्या खनिजाचे असते ते सहज विरघळणारे. पुष्कळदा कवच नाहीसे होते आणि आत भरलेल्या चिखलाचा साचा तेवढा उरतो. वाटीत घट्ट झालेली खीर पाहून वाटीवरची नक्षी सांगण्यातला हा प्रकार आहे. अशा साच्यांवरही जुन्या लोकांनी बिनदिक्कत नव्या जाती केलेल्या आहेत.

जुन्या चित्रपटांची, म्हणजे ग्रंथाच्या शेवटी असणाऱ्या चित्रांच्या पानांची, एक गंमत आहे. ती चित्रे शिळाछापाची. चित्रकार दगडावर काढतो ते कागदावर आरशासारखे उलटे उमटते. त्याने आधीच उलटे काढले तर ठीक. विसरला तर उजव्या वळणाचा शंख छापात डाव्या वळणाचा होतो. आता आपल्याकडे दक्षिणावर्ती शंखाचे माहात्म्य सर्वांना ठाऊक आहे. लाखांत एखादा मिळतो म्हणून तो देवघरात जपतात. शास्त्रज्ञ शंखाचे टोक वर धरून पाहतो आणि आपण नळीची बाजू वर धरतो; म्हणून ज्याला आपण दक्षिणावर्ती म्हणतो त्याला शास्त्रज्ञ डाव्या वळणाचा म्हणतो. वस्तू तीच, धरण्यात फरक. पण छापलेल्या चित्रावरून अभ्यास करणाऱ्याला हा दुर्मिळ शंख आहे की चित्रकाराचा विसराळूपणा, हे कसे कळावे? खणातला शंख उचलून पाहिला की क्षणात कळते.

आमच्या वर्गात हा विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतो, "सर, आपले शंख लंडनला कशाला? परत आणावेत." प्रश्न रास्त आहे. हिस्लॉपचे नमुने लंडनलाच आहेत. त्यांच्याआधी १८४६ मध्ये एडवर्ड फोर्ब्सने पुदुच्चेरीकडच्या शंखांचे वर्णन केले, तेही लंडनला. राजमहेंद्रीच्या शंखावर काही लिहू इच्छिणाऱ्या आंध्रातल्या विद्यार्थ्याने विमानाचे तिकीट काढावे, हे मला न्यायाचे वाटत नाही. मी स्वतः लंडनला गेलेलो नाही, छायाचित्रांवर भागविले. परंतु या रागात एक सोयीस्कर विसर आहे. तमिळनाडूतील अरियलूरच्या क्रिटेशस थरांतल्या शंखांवर सर्वांत मोठे काम फर्डिनांड स्टोलिच्काने केले. मोराव्हियात जन्मलेला हा तरुण १८६२ मध्ये भारतीय भूशास्त्रीय सर्वेक्षणात नोकरीला आला, १८६७-६८ मध्ये त्याने शंखांवरचा खंड प्रसिद्ध केला आणि १८७४ मध्ये यारकंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखमध्ये मरण पावला. तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. त्याचे नमुने लंडनला गेले नाहीत. ते कलकत्त्यातच, सर्वेक्षणाच्या संग्रहात राहिले. आपल्या भागातल्या कितीजणांनी ते जाऊन पाहिले? कलकत्त्याला जायला पासपोर्ट लागत नाही. दरवर्षी सहल उटीला जाते.

स्टोलिच्काचे काम म्हणजे तुलना कशी करावी याचा वस्तुपाठ आहे. फोर्ब्सने ज्याला स्ट्रॉम्बस अन्केटस म्हटले होते, तो शंख स्टोलिच्काने प्युग्नेलस या दुसऱ्या प्रजातीत नेला. जातीचे नाव तेच राहिले, आडनाव बदलले. आणि फोर्ब्सचे नावही शेवटी राखले, म्हणजे मूळ शंख कोणाचा हे वाचणाऱ्याला समजावे. आज कुणाला हे पुन्हा तपासावयाचे असेल तर फोर्ब्सचा नमुना लंडनला आणि स्टोलिच्काचा कलकत्त्याला अशी दोन शहरे गाठावी लागतात. अवघड आहे, पण शक्य आहे. दोन्ही ठिकाणी दीडशे वर्षे कुणीतरी चिठ्ठ्या सांभाळल्या म्हणून शक्य आहे.

सांभाळूनही जायचे ते जाते. १९४४ च्या एप्रिलमध्ये म्युनिकवर बाँब पडले आणि इजिप्तहून आणलेल्या स्पायनोसॉरस या प्रसिद्ध डायनोसॉरचा मूळ सांगाडा जळून गेला. त्याच्या जागी कोणता धरावा यावर अजून एकमत नाही. २०१६ मध्ये दिल्लीचे राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय जळाले, २०१८ मध्ये रिओचे राष्ट्रीय संग्रहालय. म्हणून सर्व नमुन्यांची त्रिमिती छायाचित्रे काढून ठेवावीत, मग प्रत्यक्ष शंखाचे काय काम, असे आता म्हटले जाते. छायाचित्रे काढावीतच. ती जगभर सर्वांना फुकट पाहता यावीत, म्हणजे लंडनच्या तिकिटाचा प्रश्न निम्मा सुटेल. पण चित्र हे काढणाऱ्याला जे महत्त्वाचे वाटले त्याचे असते. उद्याचा अभ्यासक त्या शंखाचे कवच कोणत्या खनिजाचे आहे ते तपासू पाहील, किंवा आत अडकलेला गाळ काढू पाहील. चित्रात गाळ नसतो.

आणि नमुना कोठून आला हेच खोटे असेल तर? १९८९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी एक प्रकरण उघडकीला आणले. हिमालयात सापडले म्हणून आपल्याकडील एका विद्यापीठातील प्राध्यापकाने वर्षानुवर्षे प्रसिद्ध केलेले जीवाश्म प्रत्यक्षात मोरोक्को, न्यूयॉर्क अशा ठिकाणांचे असल्याचे त्यांनी दाखविले. कितीतरी भारतीय भूशास्त्रज्ञांनी त्या कागदांवर भरवसा ठेवून आपले नकाशे रंगविले होते. नमुने खुल्या संग्रहात असते, ठिकाणाच्या नोंदीसह असते आणि पाहिजे त्याला पाहता आले असते, तर हा खेळ इतकी वर्षे चालता ना.

लबाडी क्वचित होते, निष्काळजीपणा रोज. मी ज्या महाविद्यालयात शिकलो तेथे जीवाश्मांचे एक काचेचे कपाट होते. तपासणीस येणार असले की शिपाई ते ओल्या फडक्याने पुसून काढी. चिठ्ठ्या डिंकाने चिकटवलेल्या. दर तपासणीला चारदोन सुटत, आणि त्या तो प्रामाणिकपणे जवळच्या शंखाखाली सरकवून ठेवी. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. नोंदवही कोठे होती हे विभागप्रमुखांनाही माहीत नव्हते. अशा कपाटातल्या शंखावर कुणी नवी जाती उभी केली आणि 'नमुना विभागाच्या संग्रहात' असे छापले, तर ती जाती जन्मतःच अनाथ आहे. तरीही असे छापले जाते. माझे मत स्पष्ट आहे. जीवाश्माचे नवे नाव प्रसिद्ध करणाऱ्याने नमुना आपल्या कपाटात ठेवूच नये. सर्वेक्षणासारख्या, माणसे निवृत्त झाल्यावरही चालू राहणाऱ्या संग्रहाला तो द्यावा, क्रमांक घ्यावा आणि मगच लिहावे. महाविद्यालयाने शिकविण्यापुरते नमुने ठेवावेत, पण प्रत्येकाची नोंद वहीत आणि क्रमांक शाईने शंखावरच असावा. यासाठी अनुदान लागत नाही. वही लागते आणि आठवड्यातला एक तास.

नोंदीत गावाचे नाव त्या वेळी जे होते तेच ठेवावे. आपले शहर २०१४ पासून सरकारी कागदात बेळगावी झाले, राजमहेंद्री २०१५ मध्ये राजमहेंद्रवरम झाली. स्टोलिच्काच्या ग्रंथात त्रिचनापल्ली आणि ऊटाटूर आहे. नवे नाव शेजारी खुशाल लिहावे, जुने खोडू नये. गावापेक्षाही महत्त्वाचा असतो तो थर. हे मी इतक्या ठामपणे लिहितो याला कारण आहे.

१९८७ साली आमची अभ्यास सहल राजमहेंद्रीला गेली होती. दोन दिवसांत आम्ही काटेरूही पाहिले आणि दुदुकूरही. मी टुरिटेलांनी पिशवी भरून घेतली. चहाच्या पुड्याच्या खोक्यात ते शंख ठेवले आणि वर झोकदार अक्षरात चिठ्ठी लावली: 'टुरिटेला, राजमहेंद्री'. मी त्या वेळी स्वतःवर खूष होतो. पुढे नोकरी लागल्यावर ते खोके मी विभागाला दिले आणि कित्येक वर्षे त्यातले शंख परीक्षेच्या ट्रेमध्ये ठेवीत आलो. २००८ च्या त्या निष्कर्षानंतर कधीतरी ध्यानात आले की यांतले काही शंख संहाराच्या आधीचे आहेत आणि काही नंतरचे, आणि कोणते कोणते हे आता मलाही सांगता येत नाही. दोन्ही थरांतले शंख मी एका खोक्यात घातले. चिठ्ठीवर थराचे नाव लिहायला एक ओळही जास्त लागली नसती.

गेल्या वर्षी हे मी वर्गात सांगितले. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी थांबली. शंखांच्या तोंडात मूळचा गाळ असेल तर त्यात फोरॅमिनिफेरा सापडतील, त्यांवरून थर ओळखता येणार नाही का, असे तिने विचारले. येईल. सध्या ती दर शनिवारी प्रयोगशाळेत बसून सुईने शंखांच्या तोंडातला गाळ खरवडते, प्रत्येकाचा वेगळ्या काचपट्टीवर घेते आणि वहीत क्रमांक घालते. खोक्यात एकंदर ४३ शंख आहेत. गाळ फक्त ११ मध्ये निघाला. बाकीचे मी १९८७ मध्ये, चांगले दिसावेत म्हणून, ब्रशने घासून स्वच्छ केले होते.